चार वॅटचे एक्स्चेंज

१९९९ साली अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात शिकत असताना मार्क स्पेन्सर याने लिनक्स वापरणाऱ्यांना तांत्रिक मदत देणारी एक छोटी कंपनी काढली. मदत फोनवरून द्यायची, तेव्हा आलेला फोन उचलणारी, होल्डवर ठेवणारी, मोकळ्या माणसाकडे वळवणारी यंत्रणा हवी. अशा यंत्रणा बाजारात मिळत होत्या. पण त्यांच्या किमती नव्या धंद्याने विचारूही नयेत अशा होत्या. स्पेन्सरकडे पैसे नव्हते. संगणक होता, आणि प्रोग्राम लिहिता येत होता. त्याने स्वतःचे एक्स्चेंज लिहून काढले, त्याचे नाव ॲस्टेरिस्क ठेवले आणि कोणालाही फुकट घेता येईल, उघडून पाहता येईल, बदलता येईल अशा परवान्याखाली ते खुले केले.

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. जिम डिक्सनचे नाव त्यामानाने कमी घेतले जाते, आणि तो मला अन्याय वाटतो. संगणकाला टेलिफोनची लाइन जोडायला त्या काळी जी कार्डे मिळत, त्यांच्यावर आवाजाची गणिते करणाऱ्या खास चिप्स बसवलेल्या असत, आणि त्यांच्यामुळे कार्ड महाग होई. डिक्सनचा हिशेब साधा होता. संगणकाचा मुख्य प्रोसेसर वर्षागणिक वेगवान होतो आहे, मग ही गणिते त्यानेच का करू नयेत? त्याने लाइनवरचे बिट फक्त आत आणून टाकणारे कार्ड रचले, त्याचे आराखडे फुकट वाटले आणि या उद्योगाला मेक्सिकोचा क्रांतिकारक एमिलियानो झपाटा याचे नाव दिले. सर्किट बोर्डाला क्रांतिकारकाचे नाव हा प्रकार थोडा नाटकी खरा, पण दूरध्वनी यंत्रांच्या तेव्हाच्या किमती पाहिल्या की समजून घेता येतो. डिक्सनचा ड्रायव्हर फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी होता. स्पेन्सरने तो लिनक्सवर आणला. तिथून पुढे कोपऱ्यातल्या साध्या पीसीचे ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचे खासगी एक्स्चेंज, होऊ शकले. २००४ मध्ये ॲस्टेरिस्कची १.० आवृत्ती आली, आणि २०१८ मध्ये स्पेन्सरची कंपनी डिजियम ही सँगोमाने विकत घेतली. व्यापाराचा इतिहास एवढ्यावर सोडतो.

या पुस्तकाला डिक्सनच्या हिशेबाचे दुसरे टोक तपासायचे आहे. साधा प्रोसेसर पुरतो हे ठरले. पण किती साधा? फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची पहिली आवृत्ती ३५ डॉलरना बाजारात आली, तेव्हा त्याचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा आणि मेमरी २५६ एमबीची होती. प्रत्यक्ष कामात त्याची ताकद ३०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-२ एवढी समजा, असे तो बनवणारेच सांगत. म्हणजे ॲस्टेरिस्क ज्या काळातल्या संगणकांवर जन्मले, जवळपास त्याच ताकदीचे यंत्र आता खिशात मावू लागले होते. हौशी मंडळी तर पायची वाट पाहत थांबलीच नव्हती. सोएक्रिसच्या २६६ मेगाहर्ट्झच्या हिरव्या डब्यावर, लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरवर, इतकेच काय, हार्ड डिस्क नेटवर्कवर जोडण्यासाठी बनवलेल्या आणि अवघ्या ३२ एमबी मेमरीच्या एनएसएलयू२ वरही त्यांनी ॲस्टेरिस्क चालवून दाखवले. ॲस्टलिनक्स नावाची संपूर्ण प्रणाली तर एका छोट्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डात बसत असे.

हे सगळे जमते, कारण फोनवरचे बोलणे हे संगणकाच्या मानाने अगदी किरकोळ काम आहे. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, मिळून ६४,००० बिट. जी.७११ या नावाची ही पद्धत १९७२ पासून प्रमाण आहे. भारतात आणि युरोपात तिचा ए-लॉ हा प्रकार चालतो. इंटरनेटवर हा आवाज २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून पाठवतात. एका तुकड्यात १६० बाइट आवाज, त्यावर पत्ता-बित्ता मिळून ४० बाइट. असे सेकंदाला ५० तुकडे. झाले ८० किलोबिट. आणि फोन लावण्याचे काम? सिप नावाच्या नियमावलीप्रमाणे चालणारी साध्या मजकुराची देवघेव. एक जण ‘इन्व्हाइट’ म्हणतो, दुसरा ‘रिंगिंग’ म्हणतो, मग ‘ओके’, आणि बोलणे संपले की ‘बाय’. दहा मिनिटांच्या संभाषणासाठी एवढे चार-दोन कागद इकडून तिकडे करायला कुठल्याच प्रोसेसरला घाम फुटत नाही.

तरीही माणसे मोठे यंत्र घेतात, कारण किती जण एकाच वेळी बोलतील याचा अंदाज ते भीतीपोटी करतात. चाळीस माणसांचे ऑफिस, म्हणजे चाळीस लाइनी! या भीतीवरचा इलाज शंभर वर्षांपूर्वीच निघाला आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग या गणितज्ञाने १९१७ मध्ये तो सूत्रात मांडला. गर्दीच्या तासात चाळीसपैकी प्रत्येकाने तीन मिनिटांचे दोन फोन केले असे धरा. एकूण बोलणे २४० मिनिटांचे, म्हणजे सरासरीने कोणत्याही क्षणी चार फोन चालू. सरासरी चार असली तरी कधी सहा होतील, कधी आठ. एरलांगच्या सूत्रात हे आकडे घातले तर उत्तर मिळते की दहा फोन एकाच वेळी चालवण्याची सोय ठेवली, तर हजारात जेमतेम पाच फोनना जागा मिळणार नाही. दहा फोन म्हणजे प्रत्येक दिशेला ८०० किलोबिट. चाळीस माणसांच्या ऑफिसची एवढीच भूक आहे. पुढे कोणी तुमच्या दहा-बारा खोल्यांच्या हॉस्पिटलसाठी भलामोठा सर्व्हर सुचवला, तर त्याला शांतपणे विचारा की गर्दीच्या तासाचा हिशेब कुठे मांडला आहे.

मग लहान यंत्राला धाप लागते ती कशाने? मुख्यतः भाषांतराने. दोन्ही टोकांचे फोन एकच कोडेक, म्हणजे आवाज बांधण्याची पद्धत, वापरत असतील, तर मधल्या एक्स्चेंजला दुभाषाचे काम उरत नाही. तुकडा आला तसा पुढे सरकवायचा. पण एका टोकाला जी.७११ आणि दुसऱ्या टोकाला जी.७२९ किंवा ओपस असेल, तर प्रत्येक तुकडा उलगडून नव्याने बांधावा लागतो, आणि तोही दोन्ही दिशांनी. जी.७२९ आवाजाला ८ किलोबिटांत बसवते म्हणून एके काळी तिचे मोठे कौतुक होते. तिची पेटंट २०१७ च्या सुरुवातीला संपली, त्याआधी तिच्यासाठी पैसे मोजावे लागत. पण ऑफिसच्या आतल्या तारांवर ८० किलोबिटांतले काही वाचवून करायचे काय? माझा सल्ला उद्धट वाटेल इतका सोपा आहे: आतल्या सगळ्या फोनवर ए-लॉ सोडून बाकीचे कोडेक बंद करा. फार तर मोबाइलवरच्या एखाद्या एक्स्टेंशनला ओपस द्या.

दुसरे ओझे कॉन्फरन्सचे. पाच जणांचे बोलणे एकत्र करायचे, तर प्रत्येकाचा आवाज उलगडून, मिसळून, ज्याचा त्याला वगळून परत पाठवावा लागतो. तिसरे ओझे लोकांच्या लक्षातच येत नाही: होल्डवरचे संगीत. बासरीची एमपी३ फाइल हौसेने घालतात, आणि कोणी ताटकळत बसले की बिचारा प्रोसेसर ती उलगडत राहतो. तीच फाइल आधीच ८,००० नमुन्यांच्या एकपदरी ए-लॉमध्ये बदलून ठेवली की प्रश्न मिटतो.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण पुढची बरीच प्रकरणे त्यावर उभी आहेत. लहान यंत्रावर ताकदीपेक्षा वक्तशीरपणा महत्त्वाचा. दर २० मिलिसेकंदांनी तुकडा निघालाच पाहिजे. बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे गेले की दोघेही एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात. दिवसभर पाच टक्के कामावर असणारा प्रोसेसरसुद्धा भर दुपारी बॅकअप सुरू झाला की तुटक आवाज देऊ शकतो. त्यामुळे त्याच डब्यावर सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग, फाइल सर्व्हर आणि कोणाचे तरी गाण्यांचे भांडार ठेवण्याचा मोह टाळावा. एक्स्चेंजला एकटे राहू द्यावे.

पाय प्रत्यक्षात बंद पडतो तेव्हा दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. पहिला गुन्हेगार मेमरी कार्ड. ॲस्टेरिस्क सतत नोंदी लिहिते, कॉल रेकॉर्डिंग चालू असेल तर आणखी लिहिते, आणि स्वस्त कार्ड इतके लिखाण फार काळ सोसत नाही. नोंदी मेमरीत ठेवाव्यात, रेकॉर्डिंगसाठी यूएसबीवर छोटी एसएसडी जोडावी, आणि तयार कार्डाची एक प्रत पाकिटात घालून पायच्या डब्यालाच चिकटवून ठेवावी. दुसरा गुन्हेगार चार्जर. मोबाइलचा पडीक चार्जर लावून लोक नशिबाची परीक्षा पाहतात. व्होल्टेज जरा खाली आले की पाय स्वतःचा वेग कमी करतो, नाहीतर पुन्हा सुरू होतो, आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो.

तिसरा गुन्हेगार मजेशीर आहे. २०२३ च्या पाय-५ च्या आधीच्या एकाही पायवर घड्याळ नव्हते. वीज गेली, परत आली आणि त्या वेळी इंटरनेट बंद असले, तर पाय जुन्याच वेळेवर जागा होतो. मग ऑफिसच्या वेळेनुसार फोन वळवण्याचा नियम सकाळी अकरा वाजता लोकांना ‘कार्यालय बंद आहे’ असे सांगू लागतो, आणि कॉलच्या नोंदींवर भलत्याच तारखा पडतात. बॅटरीवर चालणारे घड्याळाचे छोटे मॉड्यूल दीड-दोनशे रुपयांच्या आसपास मिळते. भारनियमन ठाऊक असलेल्या गावात ते न बसवणे हा निव्वळ आळस.

विजेच्या बाबतीत मात्र लहान यंत्र खरोखर सरस आहे. ७० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप वर्षभर चालू ठेवला तर ६१३ युनिट जळतात. ४ वॅटचा पाय ३५ युनिटांत वर्ष काढतो. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर तो तासन्‌तास तग धरतो. उष्णतेचा आणि धुळीचा विचार करून एक्स्चेंज बांधणे आपल्याकडे नवे नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले, ते वातानुकूलित खोलीशिवाय चालावे याच अटीवर. कर्नाटकातल्या कित्तूरला १९८६ मध्ये ते बसले. परदेशी मोठ्या एक्स्चेंजना थंड खोली लागे, आणि खेड्यात ती कुठून आणायची? ही परंपरा आपण विसरतो आणि पाय म्हणजे विलायती खेळणे समजतो.

तांब्याच्या तारेची जुनी लाइन ठेवायची असेल तर दोन भानगडी वाढतात. पहिली प्रतिध्वनी. दोन तारांवर बोलणे आणि ऐकणे एकत्र धावते, ते वेगळे करताना थोडा आवाज परत उसळतो. जुन्या एक्स्चेंजमध्ये तो लगेच परतत असल्याने कानाला कळत नसे. इंटरनेटने मध्ये उशीर घातला की तो स्पष्ट ऐकू येतो. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांनी खुल्या स्वरूपात दिलेला ऑसलेक हा प्रतिध्वनी काढणारा प्रोग्राम लहान यंत्रांसाठी मोठेच वरदान ठरला. दुसरी भानगड फोन करणाऱ्याचा नंबर दिसण्याची. आपल्याकडच्या लाइनींवर तो पाठवण्याची रीत अमेरिकेपेक्षा निराळी आहे. ॲस्टेरिस्कच्या नमुना फाइलमध्ये त्यासाठी ‘पोलॅरिटी_आयएन’ असा भारताच्या नावाचा पर्याय चक्क लिहून ठेवला आहे. तो न वापरता ‘आमच्याकडे नंबर दिसतच नाही’ म्हणणारे इंटरकॉमवाले मी बरेच पाहिले आहेत.

नेटवर्कच्या प्रकरणात सगळ्यात जास्त पाने एकाच तक्रारीवर खर्च झाली आहेत: ‘माझा आवाज तिकडे जातो, त्यांचा इकडे येत नाही.’ सिपचा निरोप एका वाटेने जातो, आवाज दुसऱ्या. आणि आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता निरोपाच्या पोटात लिहिलेला असतो. तुमच्या यंत्राने तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता लिहिला, तर बाहेरचे जग त्यावर काहीच पोचवू शकत नाही. ॲस्टेरिस्कला बाहेरचा पत्ता कोणता आणि आतले जाळे कोणते, हे सांगावे लागते. सिमवर चालणाऱ्या इंटरनेटला तर बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, हजारो ग्राहकांत एक वाटून दिलेला असतो. अशा ठिकाणी दोन शाखा जोडायच्या असतील तर व्हीपीएन, नाहीतर स्पेन्सरनेच रचलेली आयएएक्स ही नियमावली वापरावी. तिच्यात निरोप आणि आवाज ४५६९ या एकाच पोर्टवरून जातात. ती आता मागे पडली आहे, मला मात्र अजून आवडते.

यंत्र लहान असले म्हणून चोराला ते लहान दिसत नाही. ५०६० हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवा आणि नोंदी पाहा. एक्स्टेंशन १००, पासवर्ड १००, असे प्रयत्न थोड्याच वेळात सुरू होतात. कोणी आत शिरला तर तो तुमच्या खर्चाने महागड्या परदेशी नंबरांवर फोन लावतो, आणि तेही रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी. पासवर्ड लांब ठेवणे, अपयशी प्रयत्न करणाऱ्याला बाहेर काढणारा फेल२बॅन बसवणे हे करावेच. पण खरा बंदोबस्त नंबर लावण्याच्या नियमांत आहे. ज्या पतपेढीला परदेशी फोन करायचाच नाही, तिच्या डायलप्लॅनमध्ये दोन शून्यांनी सुरू होणारी वाटच नसावी.

कायद्याबद्दल थोडे, पण ठामपणे. इमारतीच्या आत इंटरकॉम चालवायला कोणाला विचारावे लागत नाही. बाहेरची लाइन मात्र परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी. परदेशातून इंटरनेटवर आलेले फोन सिम बॉक्समधून स्थानिक फोन म्हणून सोडून देणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. त्याची कृती या पुस्तकात नाही, आणि कोणी पत्र पाठवून विचारली तरी मिळणार नाही.

ज्यावर मराठीत कोणी लिहीत नाही असा विषय म्हणजे यंत्राची वाणी. ॲस्टेरिस्कसोबत येणारा इंग्रजी आवाज ॲलिसन स्मिथ या कलावतीचा आहे. मराठी वाणी आपली आपण तयार करावी लागते, आणि तिथे आकडे आडवे येतात. इंग्रजीत एक ते एकोणीस, मग वीस-तीस-चाळीस असे दशक वेगळे नोंदवले की नव्याण्णवपर्यंत सगळे जोडून बोलता येते. मराठीत एकोणपन्नास आणि सदुसष्ट जोडून होत नाहीत. एक ते नव्याण्णव सगळे वेगळे नोंदवावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी ‘वीस एक’ आले तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या सोयीने पाहिले तर ‘वीस एक’ सोपेच; पण रांगेतल्या आजोबांना ‘आपला क्रमांक साठ सात’ असे ऐकवायची माझी हिंमत नाही. नव्याण्णव फाइली करा. त्या जागाही फारशी खात नाहीत.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी अशा वाणीचे मोल काय असते, हे छत्तीसगडमध्ये दिसले. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या सीजीनेट स्वर या मुक्त सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या उपक्रमात गावकरी मिस्ड कॉल देत, यंत्रणा उलट फोन करी. १ दाबून आपली बातमी सांगायची, २ दाबून इतरांची ऐकायची. रेशन मिळाले नाही, शिक्षक येत नाहीत, हातपंप मोडला, अशा तक्रारी गोंडी भाषेतही नोंदवल्या जात. ही भाषा आपल्या गडचिरोलीतही बोलली जाते. तिथे कोणी असे काही उभारू पाहत असेल तर वाणीचे प्रकरण त्याने पहिल्यांदा वाचावे, बाकीचे मागाहून.

हे पुस्तक सगळ्यांसाठी नाही. शंभर माणसांचे कॉल सेंटर, दिवसभर प्रत्येक कॉलचे रेकॉर्डिंग, संगणकावर चालणाऱ्या रांगा असे काही हवे असेल तर पाय विकत घेऊ नका, चांगला सर्व्हर घ्या. सर्व्हरची भाषा आणि नियम हेच राहतील. आणि रुग्णालय असो की सोसायटी, ११२ हा आपत्कालीन नंबर लावण्यासाठी एक साधा मोबाइल टेबलावर असू द्या. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले की सिप फोन हा नुसता प्लॅस्टिकचा डबा उरतो.

सुरुवातीला लागेल ते एवढेच: एक पाय किंवा अडगळीतला जुना संगणक, चांगला चार्जर, नेटवर्कची केबल आणि दोन सिप फोन, किंवा मोबाइलवरची दोन ॲप्स. ॲस्टेरिस्कच्या नमुना फाइलीत ६०० नंबरवर प्रतिध्वनीची चाचणी आधीच ठेवलेली असते. तो लावा आणि मोठ्याने दहापर्यंत मोजा. तुमचाच आवाज परत येईल. तो सलग आला तर दुसऱ्या प्रकरणाकडे वळा. तुटक आला तर सेटिंग्ज बदलत बसू नका; वाय-फाय काढा, केबल लावा आणि पुन्हा ६०० फिरवा.